क्लाराच्या पायावर पाणी

मका कापला की आमच्या स्वयंपाकघराच्या खिडकीतून हॅरीचा गोठा दिसायला लागतो. उन्हाळाभर घरामागे मक्याची भिंत उभी असते, पुरुषभर उंच, आणि त्या भिंतीच्या आडोशाने आपण शहरात राहतो असा समज करून घेता येतो. मग ऑक्टोबरात एके दिवशी सकाळपासून यंत्र घरघरतं, रस्त्यावर चिखलाचे पट्टे उमटतात, चिरलेल्या ताटांचा आंबूस वास घरात शिरतो, इडलीचं पीठ जरा जास्त फुगल्यावर येतो तसा. भांडी विसळताना मी मान वर करते तर समोर मोकळं रान आणि त्यापलीकडे लांबलचक गोठा. दर वर्षी मी दचकते. दर वर्षी म्हणते, अरेच्चा, हा इथेच होता की.

या वर्षी दचकायलाही सवड मिळाली नाही, कारण यंत्र थांबायच्या आतच फोन आला. रीट बोलत होती, हॅरीची बायको. तिच्या फोनला नमस्कार-चमत्कार नसतात. "हॅरी सकाळपासून फाटकाशी उभा आहे," ती म्हणाली, "आणि तांबडीला सारखा चालवून बघतोय. तू येतेस?"

तांबडी ही त्यांची आता म्हातारी झालेली गाय. येते म्हणाले, फोन ठेवला आणि निघायचं सोडून चहाचं आधण ठेवलं. गाय चालवून बघण्याचा अर्थ मला आता कळतो. पहिल्यांदा बघितलं होतं तेव्हा कळला नव्हता, आणि कळला नव्हता तेच बरं होतं की काय, हे मला अजून सांगता येत नाही.

ते दोन हजार पाच साल. आम्हाला इकडे येऊन वर्ष होत आलं होतं. सुहास, माझा नवरा, आइंडहोवनला मशीनच्या कंपनीत. मी त्याच्या परवान्यावर आलेली बायको. साताऱ्याला मी कॉलेजात केमिस्ट्री शिकवत होते. इथे दोन सकाळी डच शिकायचे आणि उरलेल्या सकाळी भाड्याच्या घराच्या काचा पुसायचे. काचा इतक्या लख्ख की समोरची बाई मुद्दाम कौतुक करून गेली. त्या दिवशी मी बराच वेळ रडले. मग सायकल काढली आणि कुठेतरी जायचं म्हणून निघाले, तर मक्याच्या शेताला वळसा घालून हॅरीच्या फाटकाशी पोचले. तिथे दुधाच्या किटलीचं चित्र काढलेली एक फळी टांगलेली होती.

रीटनं दूध दिलं आणि बजावलं, "उकळून घे हं, कच्चं पिऊ नकोस." दूध उकळायचं असतं हे सातारकरणीला एका डच बाईनं शिकवावं, याचं मला इतकं हसू आलं की त्या दिवसाचं रडणं तिथेच संपलं. त्या दुधावर भाकरीसारखी साय धरायची. मी विरजण लावलं, लोणी काढलं, तूप कढवलं, आणि घराला पहिल्यांदा घराचा वास आला. सुहासच्या पँटी कमरेत घट्ट झाल्या. हँडलला किटली अडकवून मी एक दिवसाआड हॅरीकडे जायला लागले, आणि माझं डच वर्गात सुधारलं नाही एवढं त्या गोठ्यात सुधारलं. दोघंही साठीच्या आसपासची. मला त्यांना काका-काकू म्हणावंसं वाटे. नुसत्या नावानं हाक मारताना सुरुवातीला जीभ अडखळायची.

त्यांच्या प्रत्येक गाईला नाव होतं आणि नावापुढे आकडा. नाव आईचं, म्हणजे आईच्या आईच्या आईचं, आणि आकडा तिचा स्वतःचा. क्लारा अडतीस ही त्या घराण्यातली अडतिसावी क्लारा. काळी-पांढरी, कपाळावर वाकडा चट्टा, वयानं सगळ्यांत थोरली. किटली वाजली की ती तारेच्या कुंपणापाशी येऊन उभी राही. हावरट होती, बाकी काही नाही. मी सफरचंदाच्या साली आणते हे तिला पाठ झालं होतं. पण परक्या देशात आपल्याला बघून कुणीतरी चालत येतं, ही गोष्ट लहान नसते.

ऑक्टोबर आला. गवत वाढायचं थांबलं, सकाळी धुकं इतकं खाली बसायचं की गाईंच्या नुसत्या पाठी दिसायच्या. एका संध्याकाळी मी गेले तर हॅरी फाटकाला टेकून उभा, हात खिशात, आणि रीट गाईंना कुरणातून आत आणत होती. गाई सिमेंटच्या वाटेवरून एकेक करून त्याच्यासमोरून जात होत्या. मध्येच तो म्हणाला, "हिला अजून एकदा चालव." रीटनं क्लाराला मागे वळवलं, पुन्हा आणलं. "अजून एकदा."

"दर वर्षी हेच," रीट मला म्हणाली. "त्याचं बघून होईपर्यंत माझेच पाय दुखायला लागतात."

"काय बघता?" मी हॅरीला विचारलं.

"पाय," तो म्हणाला.

मला ते फार आवडलं. गाईंना हिवाळ्यासाठी आत घेताना धन्यानं फाटकात उभं राहून एकेकीला डोळे भरून बघावं, यात मला माया दिसली. घरी येऊन सुहासला सांगितलं, तर लॅपटॉपमधून मान वर न काढता तो म्हणाला, "क्वालिटी चेक असेल." मी त्याच्याशी जेवेपर्यंत बोलले नाही.

आणि नेमकी तेव्हाच वसुबारस आली. वैशाली म्हणून माझी एक मैत्रीण आइंडहोवनमध्येच राहायची, पुण्याची, सगळे सण अंगावर घेऊन साजरे करणारी. तिला माझ्या दुधाची हकिकत कळल्याबरोबर तिनं जाहीर केलं, "अगं, मग फोटोची पूजा कशाला? आपण प्रॉपर गाईची करू ना. फक्त वासरू पाहिजे हं बरोबर. गाय-वासरू टुगेदरच लागतं."

मी हॅरीला विचारायला गेले. आमच्याकडे दिवाळीच्या आरंभी वासरासकट गाईची पूजा असते, मी, वैशाली आणि तिच्या दोघी मैत्रिणी येऊ का, असं माझ्या मोडक्या डचमध्ये समजावलं. पूजेचं त्याला नवल वाटलं नाही. वासराचं वाटलं.

"आमच्याकडे ती एकत्र नसतात," तो म्हणाला.

तोवर गोठ्यामागच्या पांढऱ्या प्लॅस्टिकच्या खोपट्या मी रोज बघत होते. प्रत्येकीत एक वासरू, पुढे तोटी लावलेली बादली. गोजिरवाणी दिसायची. ती तिथे का आहेत हा प्रश्न मला पडलाच नव्हता. रीटनं सांगितलं, पहिल्या दिवशीच उचलायची. चीक काढून बादलीनं पाजायचा, मग पावडरचं दूध. "लवकर उचललं की दोघींनाही फार कळत नाही," ती म्हणाली. मग तिनंच विचारलं, "किती वेळ हवीत एकत्र?"

"अर्धा तास."

"मग जमेल," रीट म्हणाली.

आम्ही चौघी गेलो. नऊवारीची हौस वैशालीनं ऐनवेळी आवरली होती, पण पैठणी होती, आणि पैठणीखाली गुडघ्यापर्यंत रबरी बूट. रीटनं आमच्यासाठी गोठ्याच्या कडेचा एक वेगळा कप्पा तयार ठेवला होता, खाली स्वच्छ पेंढा. आत क्लारा उभी होती. "ही सगळ्यांत शांत," हॅरी म्हणाला. आणि क्लाराच्या पाठीवर, शेपटीच्या जरा वर, एक रुंद निळा पट्टा ओढलेला होता. ताजा, चमकदार.

मला एकदम मामाच्या गावचा पोळा आठवला. बैलांच्या शिंगांना हिंगूळ, अंगावर रंगाचे ठप्पे, आणि ठप्पे मारता मारता कोपरापर्यंत रंगलेले आमचे हात. या लोकांना कुणी सांगितलं असेल? मी म्हणाले, "वा, रंगवलीत पण?"

हॅरीनं स्वतःच्या बुटांकडे बघितलं. रीट म्हणाली, "हो. सकाळीच लावला."

मी मागे वळून बाकीच्यांना सांगितलं की आपल्यासाठी गाय रंगवली आहे. "किती गोड आहेत ना हे लोक," वैशाली म्हणाली.

पूजा झाली. निरांजन लावू द्यायला हॅरीनं साफ नकार दिला, पेंढ्यात आग नाही म्हणजे नाही. तेव्हा न पेटवलेलं निरांजन ओवाळलं. मी क्लाराच्या पुढच्या पायांवर पाणी घातलं, मग मागच्या, हळद-कुंकू वाहिलं, वाकून नमस्कार केला. शेवंतीचा हार गळ्यात घालायच्या आत तिनं निम्मा खाल्ला. बाजरीची भाकरी आणि गवारीची भाजी तिनं हुंगली आणि पुन्हा हाराकडे वळली.

मग रीटनं एका खोपटीतलं वासरू उचलून आणून पेंढ्यात ठेवलं. दुसऱ्याच गाईचं, काही दिवसांचं, मादी. कुंकवाचं बोट मी तिच्याही कपाळाला लावलं. क्लारानं खाणं थांबवलं. मान खाली घालून तिनं वासराचा वास घेतला, आणि चाटायला लागली. कान, मान, पाठ, पुन्हा कान. वासरू धडपडत तिच्या कासेशी गेलं, ढुशा मारत पिऊ लागलं, आणि ती नुसती उभी राहिली, मागचा एक पाय किंचित उचलून, पिलाला वाट द्यावी तशी. आम्ही चौघी रडत होतो. वैशालीचं काजळ गालावर आलं होतं.

नंतर रीटनं कॉफी आणली, दुधाचं भांडं पुढे केलं. मी म्हणाले, "आज आम्ही दूध घेत नाही. आजचं दूध वासराचं."

"असं का," रीट म्हणाली. "आणि उद्याचं?"

मला वाटलं ती थट्टा करतेय. मी हसले. तीही हसली, पण कपात बघत.

वासरू उचलायला ती गेली तेव्हा हॅरी म्हणाला, "राहू दे आज. उद्या ने." रीट म्हणाली, म्हाताऱ्या गाईचे आजार लागतात पिलाला. पण तिनं नेलं नाही.

दोन दिवसांनी मी फराळाचा डबा घेऊन गेले. वासरू अजून क्लारापाशीच होतं, दोघं पेंढ्यात एकमेकांना टेकून. शेजारच्या कप्प्यात आणखी एक गाय आली होती आणि तिच्याही पाठीवर निळा पट्टा होता. मी खुशीत रीटला म्हणाले, "आता सगळ्यांनाच रंगवणार की काय दिवाळीला?"

रीटनं हातातला झाडू भिंतीला टेकवला. ती मला गोठ्याबाहेर घेऊन गेली आणि वर्गातल्या बाईंसारखं हळूहळू, सोपे शब्द निवडून म्हणाली, "निळा म्हणजे जाणारी. सोमवारी गाडी येते."

कुठे, हे विचारण्याइतकी मी भाबडी नव्हते. तिथे उभी राहून मी काय केलं? चकलीचा डबा उघडला, तिला एक दिली, स्वतः एक खाल्ली. माणूस अशा वेळी काय करील सांगता येत नाही. चकली कुरकुरीत झाली होती आणि माझ्या डोक्यात तेवढंच येत होतं, की झाली बाई कुरकुरीत.

मग मी हॅरीकडे गेले. भांडायलाच गेले होते. "का पण?" एवढंच डच मला आलं. तो चिडला नाही. बोटांवर मोजत सांगायला लागला. ती गाभ राहिली नाही, पुन्हा पुन्हा प्रयत्न केला. दूध उतरलं. हिवाळ्यात गोठ्यात जागा मोजकी, वसंतात नव्या कालवडी वितात. आणि दूध तरी किती काढायचं ते सरकारनं ठरवून दिलेलं. "यातलं एकच कारण असतं तर ठेवली असती. सगळी एकदम आली. आणि पाय. गवतावर कळत नाही. आता सहा महिने सिमेंटवर उभं राहायचं."

"पाय चांगला आहे तिचा," मी म्हणाले. "मी त्यावर पाणी घातलंय."

त्यानं माझ्याकडे बघितलं. "उजवा मागचा. ती तो टेकत नाही."

मला वासराला वाट देणारा तो उचललेला पाय आठवला. पाणी मी घातलं होतं, कपाळही टेकवलं होतं. पाय बघितला नव्हता.

"मग रंग कशाला लावता?" मी उगीचच विचारलं, काहीतरी बोलायचं म्हणून.

"नाहीतर रोज सकाळी नव्यानं ठरवावं लागतं," हॅरी म्हणाला. मागून रीट म्हणाली, "ठरवतो तो. लावते मी. त्याला रंगाचा डबा घेऊन पाठवलं की तसाच परत येतो."

त्या रात्री सुहासशी वाद झाला. मी म्हणाले, आपण तिला विकत घेऊ. तो म्हणाला, जरूर, मागच्या अंगणात ठेवू, खेमेन्तेची, म्हणजे नगरपालिकेची, परवानगी काढू, आणि घरमालकाला सांगू की ही माझ्या बायकोच्या परवान्यावर आली आहे. मला हसू आलं आणि रागही आला. मग तो सरळ आवाजात म्हणाला, "दूध बंद करतेस का? कारण वासरू, पट्टा, सोमवारची गाडी, हे सगळं त्या किटलीतच आहे." मी म्हणाले, आपल्याकडे असं नसतं. तो म्हणाला, "आपल्याकडे कसं असतं?"

आमच्याकडे कसं होतं ते मला ठाऊक होतं. साताऱ्याला वडिलांनी हौसेनं एक गाय पाळली होती, कपिला. मी पाचवी-सहावीत असेन. ती आटली, पुन्हा गाभ राहीना, आणि एक दिवस शाळेतून आले तर दावं रिकामं. आई म्हणाली, तिला रानात सोडलंय, तिथे खूप गाई आहेत. आम्ही भावंडांनी ते रान मनात रंगवलं होतं, त्यात ओढा होता, आंब्याची झाडं होती. ते रान कुठल्या गावाला, हे कुणी विचारलं नाही. मंडईच्या मागे उकिरड्यावर हाडं निघालेल्या गाई प्लॅस्टिक चघळत बसलेल्या असत. त्यांतल्या एखादीची शिंगं कपिलासारखी दिसली की मी रस्ता बदलायचे. हॅरीला मी सांगायला निघाले होते की आम्ही गाय मारत नाही, आणि ते खरंच होतं. त्यानं जर विचारलं असतं की मग भाकड गाईचं काय करता, तर मी त्याला काय सांगणार होते? ओढा आणि आंब्याची झाडं?

हॅरीनं विचारलं नाही. रविवारी दुपारी तो आमच्या दाराशी आला, पहिल्यांदाच, बूट काढून मोज्यांवर उभा. आत ये म्हटलं तरी येईना. "वासरू तिला सोडत नाही," तो म्हणाला. "आणि तू तिला लाल लावलंस. मला ठरवता येईना झालंय. तूच सांग. उद्या, का थांबू?"

इकडे आल्यापासून माझ्यावर कुणी असा प्रश्न टाकला नव्हता. परवान्यावरच्या बायकोला काहीच ठरवायचं नसतं; आणि ठरवायला मिळालं ते हे. माझ्या मनात पाय होता, वासरू होतं, कपिला होती, घट्ट दही होतं. मी म्हणाले, "थांबा."

"बरं," तो म्हणाला, आणि बूट घालून गेला. त्याला बरं वाटलं की नाही ते मला त्याच्या पाठीवरून कळलं नाही.

सोमवारी गाडी दुसऱ्या गाईला घेऊन गेली. क्लारा राहिली. मला वाटलं मी जिंकले. रोज जायला लागले, साली, गूळ, बाजरीची भाकरी घेऊन. वासरू फुगत होतं, तकतकीत झालं होतं, क्लारा त्याला चाटून चाटून कपाळावरचं कुंकू केव्हाच पुसून बसली होती. हॅरी त्या पिलाला रोये म्हणायला लागला, म्हणजे तांबडी. काळ्या-पांढऱ्या पिलाला तांबडी. मला त्याचं फार कौतुक वाटलं.

खूर बघायला डॉक्टर येऊन गेले, औषध झालं, पट्टी झाली. पण रोज क्लाराचं उठणं जड होत चाललं होतं. आधी गुडघ्यांवर, मग मध्येच थांबून जोरात श्वास, मग पुन्हा. एका सकाळी मी गेले तर ती मागच्या बाजूनं उठण्याचा प्रयत्न करत होती आणि घसरत होती, आणि वासरू आडव्या पडलेल्या तिच्या कासेला ढुशा मारत होतं. गूळ मी तोंडाशी नेला. तिनं घेतला नाही. किटली वाजली की चालत येणारी ती गाय, माझ्याकडे बघतच नव्हती. तिच्या डोळ्यात काय होतं ते मी सांगणार नाही, कारण मला ते माहीत नाही. मला जे वाटलं ते सगळं माझंच असू शकतं.

मी रीटला म्हणाले, "गाडी बोलवा."

"आता गाडीत घालता येत नाही," रीट म्हणाली. "जी आपल्या पायांनी चढत नाही तिला न्यायचं नाही, कायदा आहे."

मग डॉक्टरच पुन्हा आले. तिथेच, त्याच पेंढ्यात. हॅरी तिच्या मानेशी बसला होता, तिला शिंगामागे खाजवत. इंजेक्शन दिलं. मोठा आवाज वगैरे काही झालं नाही. मी बाहेर वासराला धरून उभी होते, आणि ते माझी बोटं चोखत होतं.

दुपारी क्लारा रस्त्याच्या कडेला ताडपत्रीखाली होती, न्यायला येणाऱ्या गाडीची वाट बघत. मी हॅरीला म्हणाले, "सोमवारीच पाठवायला हवी होती ना?" त्यानं विचार केला. "प्रवास वाचला तिचा," तो म्हणाला. "अनोळखी जागा, अनोळखी माणसं. इथे गेली." मग म्हणाला, "पण ते दिवस दुखण्यात गेले." मग म्हणाला, "पण वासरू होतं." मी वाट बघत राहिले की तो यांपैकी एक शेवटचं म्हणून सांगेल. त्याच्या वडिलांनी एकदा एक गाय फार उशिरा सोडली, तो म्हणाला, आणि त्यानं एकदा एक फार लवकर. "बरोबर दिवस कुठला ते गाय गेल्यावरसुद्धा कळत नाही." आणि तो दूध काढायला निघून गेला, कारण पाच वाजत आले होते.

वासरू खोपटीत परत गेलं आणि ओरडायला लागलं. आमच्या स्वयंपाकघरात ऐकू यायचं, मधे मका नव्हता ना. रात्र, दिवस, पुन्हा रात्र. बाकीच्या खोपट्यांतली वासरं गप्प होती. सकाळी मी गेले तेव्हा रीट बादली घेऊन त्याच्यापाशी उभी होती, आणि ते तोटीला तोंड लावत नव्हतं. "म्हणून पहिल्या दिवशी उचलतो," ती म्हणाली, माझ्याकडे न बघता. तिच्या आवाजात राग नव्हता. तिनं बोटं दुधात बुडवली आणि त्याच्या तोंडात घातली. मग दुसरी बादली माझ्या हातात दिली. मीही तेच केलं.

चहा निवलाच शेवटी. मी खिडकीतून बघते आहे. त्या हिवाळ्यात मी दूध बंद केलं होतं, दुकानातलं आणायचे, जणू दुकानातलं दूध झाडाला लागतं. मग एक दिवस किटली घेऊन परत गेले. पुढे मला नोकरी लागली, परवाना माझ्या स्वतःच्या नावाचा झाला, वैशाली भारतात परत गेली. वसुबारस मी एकटीच करते, तांबडीची. तांबडी विली, पुन्हा पुन्हा विली, दर वेळी तिचं वासरू पहिल्या दिवशी उचललं गेलं. मी एकदाही कुणाला थांबा म्हणाले नाही. उचला असंही म्हणाले नाही.

मी ताम्हण घेतलं, हळद-कुंकू घेतलं, तांब्या घेतला आणि कापलेल्या मक्यातून चालत गेले. बूट चिखलात रुतत होते. वसुबारसेला अजून अवकाश आहे, पण तोवर थांबता येईल की नाही कोण जाणे.

हॅरी फाटकाशी होता, आता जरा वाकलेला. त्याच्या शेजारी कुंपणाच्या खांबावर निळा डबा ठेवलेला होता, टोपण न काढलेला. रीट तांबडीला धरून वाटेच्या त्या टोकाला उभी. मी तांबडीपाशी गेले. तिनं ओळखीनं माझी बाही हुंगली, सालींसाठी. मी ताम्हण खाली ठेवलं, तांब्या उचलला आणि वाकले, आणि पाणी घालायच्या आधी पाय बघितला. डावा मागचा. टेकलेला होता. मी पाणी घातलं, चिखल वाहून गेला, आणि तिनं पाय किंचित उचलला. गार पाण्यानं उचलला असेल. पुन्हा टेकवला. पूर्ण टेकवला का?

"काय?" हॅरीनं विचारलं. त्याचा हात डब्यावर होता, पण त्यानं तो उचलला नव्हता. तो खरोखरच माझ्या उत्तराची वाट बघत होता, आणि रीटही.

मी बाजूला झाले, फाटकाशी जाऊन त्याच्या शेजारी उभी राहिले. बोटं अजून ओली होती, कुंकू ताम्हणात तसंच होतं.

"अजून एकदा चालवा," मी म्हणाले.